तेलवाळूवरची पावलं

आमच्या घरात जिभेला मोकळीक होती, पण पायाला फार शिस्त होती. जेवताना कोण काय बोललं, कोणी कोणाला उलट उत्तर दिलं, याचं बाबांना काही वाटत नसे. पण तेलवाळूवर कोणाचं पाऊल उमटलेलं दिसलं, की ते आम्हा सगळ्यांना उन्हात उभं करायचे. मी, माझा मोठा भाऊ दत्तूदादा, आणि आमची माय सुद्धा. "कोनाचं हाय हे?" एवढंच विचारायचे, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत त्यांना उत्तर माहीत असायचं. लांबी किती, टाच किती दाबली, अंगठा कुठं वळला, एवढ्यावरून ते माणूस ओळखायचे. दत्तूदादाला तर खोटं बोलायची सोयच नव्हती. लहानपणी हट्टा गावी मामाच्या खळ्यावर त्याच्या उजव्या पायावरून गाडीचं चाक गेलं होतं आणि कडेची दोन बोटं गेली होती. तसा पाय आमच्या कँपात, म्हणजे जुन्या छावणीच्या वस्तीत, दुसऱ्या कोणाचा नव्हता.

तेलवाळू म्हणजे काय ते सांगायला हवं. माझा नातू टीव्हीवर गोल्फ बघतो तेव्हा सगळं हिरवंगार दिसतं. त्याला मी सांगते, बाबा रे, तुझ्या पणजोबांच्या गोल्फमध्ये पाऊस संपला की गवताची काडी शोधावी लागायची. हिंगोलीची छावणी माझ्या जन्माआधीच उठून गेली होती. गोरे साहेब गेले, त्यांचे घोडे गेले, मैदान तेवढं राहिलं. त्या मैदानावर सहा ठिकाणी वाळूचे मोठे गोल केलेले होते, अंगणाएवढे, आणि प्रत्येकाच्या मधोमध चेंडू जाईल असं एक भोक. गोट्यांच्या खेळात असते तशी गल. साहेब लोक त्या गोलाला ब्राऊन म्हणत, आम्ही तेलवाळू म्हणायचो. कयाधूची वाळू आणून तीनदा चाळायची, सरकीच्या जिनातून यंत्राचं जळकं तेल आणून तिच्यात कालवायचं, आणि लाकडी फळीनं ओढून ओढून ती ताटासारखी सपाट करायची. तेलामुळे वाळू उडत नाही आणि चेंडू सरळ घरंगळतो. तो वास आमच्या कपड्यांना होता, केसांना होता. मायच्या भाकरीलाही तो येतो असं दत्तूदादा म्हणायचा आणि मार खायचा.

आजोबा साहेबांचे माळी. बाबा त्याच मैदानावर वाढले आणि खेळता खेळता उस्ताद झाले. लिहिता येत नव्हतं, अंगठा करायचे, पण बोलारमला, औरंगाबादच्या छावणीत, पार कामठीपर्यंत जाऊन ते सामने जिंकून आले होते. सगळे त्यांना बापू उस्ताद म्हणत. ते परत यायचे तेव्हा जिनाच्या भोंग्याच्या आधी टांग्याची घंटा ऐकू यायची आणि माय ओवाळायला दारात उभी राहायची. टांग्यातून आधी काठ्यांची पिशवी उतरायची, मग धोतरात गुंडाळलेला चांदीचा पेला, आणि मग बाबा. मायला त्या पेल्यांचं भारी कौतुक, पण ते तिच्या पद्धतीचं. बोलारमच्या पेल्यात ती विरजण लावायची. कामठीचा देवापुढं तीर्थाला. औरंगाबादचा फार उंच होता, त्यात जवसाची चटणी राहायची आणि ती काढताना मनगटापर्यंत हात आत जायचा. खंडेनवमीला घरातली विळी, कुदळ, खुरपी यांच्या शेजारी बाबांच्या काठ्या मांडल्या जायच्या, त्यांच्या लोखंडी डोक्यांना हळदकुंकू लागायचं. सणाच्या दुसऱ्या दिवशी बाबा ते कुंकू न पुसता खेळायचे. म्हणायचे, लागलेलं असू दे, चेंडूला कळतं.

पहाटे ते मैदानावर जायचे तेव्हा आम्हा दोघांना सोबत न्यायचे. फळी ओढायच्या आधी रात्रीचं सगळं वाळूवर लिहिलेलं असायचं आणि ते आम्हाला वाचून दाखवायचे. हे मुंगूस. ही घोरपड, बघ शेपूट कशी घासत नेली. हा कोल्हा तीन पायांवर चालून राहिला. आम्हाला शाळेतल्या पाटीपेक्षा ही पाटी लवकर वाचता आली. संध्याकाळी फळी ओढायच्या आधी मात्र तेलवाळूवर पाय द्यायची परवानगी होती, कारण ती पुसलीच जाणार असायची. तेव्हा आमचा एक खेळ असायचा. नदीच्या काठावरून डोळे मिटून निघायचं आणि घर गाठायचं. पहिल्या तीन गली आमच्या घरापासून नदीकडे एका रेषेत होत्या. मुरमावरून चालता चालता पायाला तेलवाळू लागली, की गलीतल्या निशाणाच्या काठीला हात लावायचा आणि तिथून सरळ पुढं. बाबा म्हणायचे, "अमावास्येच्या रातीला बी चुकनार न्हाई पोरं माझी. पायाला वाळू लागली की रस्ता बराबर." मी दर वेळी बाभळीत जाऊन अडकायचे. दत्तूदादा एकदाही चुकला नाही. त्याला हे कोणी शिकवलं ते मी इथंच लिहून ठेवते, कारण पुढं ते लागणार आहे.

निजामी संपली त्याच्या आदला हिवाळा. तोपर्यंत वाळूवर उमटणारी पावलं बदलली होती. कोल्ह्या-मुंगसांबरोबर बुटांच्या टाचा दिसू लागल्या, घोड्यांचे नाल दिसू लागले, आणि बाबांनी आम्हाला वाचून दाखवणं बंद केलं. पहाटे ते एकटेच जायचे, फळी ओढायचे आणि येऊन चुलीपुढं गप्प बसायचे. दुपारी खाकी कपड्यांतले लोक मालमोटारीतून घोषणा देत जायचे. त्या जवळ आल्या की माय मला धान्याच्या कणगीमागं बसवायची. शेजारची खाला, जिच्याकडून मी शिवण शिकले, ती भिंतीवरून हळूच सांगायची, "आज पोट्टी को बाहर मत भेजो." बाजारातल्या लोकांचं बोलणं आमची माणसं दिसली की थांबायचं. बाबा निजामी अधिकाऱ्यांना खेळ शिकवत म्हणून गावाचा आमच्यावर विश्वास नाही, आणि आम्ही हिंदू म्हणून अधिकाऱ्यांचा नाही. मला तेव्हा ते कळत नव्हतं, पण पाणी भरायला गेलं की आडावरच्या बाया आपापल्या घागरी उचलून घ्यायच्या, ते कळायचं.

दत्तूदादा पोळ्यानंतर घरात नव्हता. वऱ्हाडच्या हद्दीपलीकडं निजामीविरुद्ध लढणाऱ्या पोरांचा एक कँप होता आणि तो तिथं गेला होता. आम्ही सगळ्यांना सांगायचो, हट्ट्याला मामाकडं आहे. मग हद्दीवरचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, एक नाका कोणीतरी जाळला. त्यानंतर चार दिवसांनी मोहतमीम साहेब आमच्या दारात आले. मोहतमीम म्हणजे पोलिसांचा जिल्ह्याचा मोठा अधिकारी. बाबांकडून ते खेळ शिकले होते. गोरे, सडपातळ, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढं वाकावं लागायचं. त्यांनी मायच्या हातचं ताक मागून घेतलं, पिऊन झाल्यावर मिशा पुसल्या आणि विचारलं, "उस्ताद, लड़का कहाँ है?"

"हट्ट्याला हाय साहेब. मामाकडं."

"अच्छा है. उसके सीधे पाँव की दो उँगलियाँ नहीं हैं ना?"

बाबांनी साहेबांच्या हातातलं भांडं घेतलं. मग म्हणाले, "व्हय साहेब. लहानपणापासून."

"नाके के पास राख में एक पाँव का निशान मिला," मोहतमीम साहेब म्हणाले, "तीन उँगलियों का." एवढं म्हणून त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली आणि सामन्याचं बोलायला लागले. पौषात मोठा सामना ठेवला होता. सिकंदराबादहून चिन्नय्या नावाचे उस्ताद येणार होते. जो जिंकेल त्याला सिकंदराबादच्या मैदानावर मोठ्या उस्तादाची नेमणूक, राहायला पक्कं घर. बाबांनी चिन्नय्यांना दोनदा हरवलं होतं. साहेब गेल्यावर मायनं ताकाचं भांडं तीनदा घासलं. मग ती म्हणाली, "जिंका अन् आमाला हितून काढा. या लेकीला घेऊन मला आता हितं ऱ्हावत न्हाई." बाबा त्या दिवसापासून अंगणात आडवा तांब्या ठेवून त्यात चेंडू घालायचा सराव करू लागले. टण, टण, टण. तांब्याचा तो आवाज दिवसभर घरात असायचा, आणि मला त्याची भीती वाटायची. का ते सांगता येत नाही. घरात काहीतरी मोजलं जातंय असं वाटायचं.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी सहाही तेलवाळू स्वतः ओढल्या. त्यानंतर सामना सुरू होईपर्यंत कोणी फळी लावायची नाही असा नियम होता, आणि दोन्ही उस्तादांनी साहेबांच्या बंगल्याच्या आवारात तंबूत झोपायचं असंही ठरलेलं होतं. म्हणून त्या रात्री बाबा घरी नव्हते. मी गाढ झोपले होते. सकाळी उठून पाहिलं तर बाबांसाठी म्हणून केलेल्या धपाट्यांची दुरडी रिकामी, औरंगाबादच्या पेल्यातली चटणी तळाला गेलेली, आणि माय चुलीपुढं कोरड्या डोळ्यांनी बसलेली.

"दादा आला व्हता," ती म्हणाली. "रातीच गेला. नदीवरच्या बोरीच्या बनात दिवसभर पडून ऱ्हाईल, अंधार पडला की हद्दीकडं जाईल. कोनी पुसलं तर दुरडी मांजरानं पाडली म्हन." तो काहून आला, असं मी विचारलं तर तिनं मला पोटाशी धरलं. "लेकराला भूक लागली व्हती," म्हणाली. तो कुठून गेला हे विचारायचं मला सुचलं नाही. सांगायचं तिला सुचलं नाही. मी नवं परकर-पोलकं घातलं आणि खालाच्या सुनेबरोबर सामना बघायला गेले.

कँपातली निम्मी माणसं आली होती. बाबांनी पांढरा फेटा बांधला होता. त्यांचा पहिला टोला तर काय सांगावा, जिनाच्या धुराड्याएवढा उंच आणि सरळ गेला, आणि लोक वा वा करत राहिले. चिन्नय्या काळेसावळे, बुटके, हसरे. त्यांचा टोलाही चांगला होता. मोहतमीम साहेब पाहुण्यांशी बोलत, चहाचा पेला हातात धरून, बरेच मागून येत होते. दोघं उस्ताद पहिल्या गलीपासून तीसेक पावलांवर आले आणि बाबा थांबले. ऊन कोवळं आणि तिरपं होतं. तिरप्या उन्हात तेलवाळूवरची मुंगीची वाट सुद्धा दिसते. बाबा बघत होते तिकडं मी बघितलं.

घराच्या बाजूनं गलीपर्यंत चार पावलं आली होती. गलीपासून नदीच्या बाजूला चार गेली होती. डाव्याला पाच बोटं, उजव्याला तीन.

अमावास्येची रात्र होती. येताना तो दुसऱ्या वाटेनं आला असावा, पण जाताना बाबांनी शिकवलं तसा गेला होता. पायाला वाळू, हाताला निशाण, तिथून सरळ. पहिली गल, दुसरी, तिसरी, आणि पुढं बोरीचं बन. वाळूवर बोट ठेवून दाखवावं तशी ती पावलं त्याच्याकडंच नेत होती.  बाबांनी मान वळवली आणि गर्दीत मला शोधलं. मी फक्त खाली बघितलं. तेवढ्यावरून त्यांना कळलं की हा खरंच येऊन गेला, आणि अजून जवळच आहे.

आता खेळाचा एक नियम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. तेलवाळूवर आलेला चेंडू गलीत घालायच्या आधी खेळाडूला फळी ओढायची मुभा असते. सगळीकडं नाही, फक्त आपल्या चेंडूपासून गलीपर्यंत, फळीच्या रुंदीची एक वाट. एरवी वाळूला हात लावता येत नाही. लावला असता तर चिन्नय्या बोलले असते, पंच बोलले असते, आणि साहेब बघायला पुढं आले असते.

बाबांनी काठी बदलली. त्यांनी उंच टोल्यानं चेंडू घराच्या बाजूच्या कडेवर टाकला, बरोबर पहिल्या पावलावर. मग फळी घेतली आणि चेंडूपासून गलीपर्यंत ओढत नेली. चार पावलं गेली. मग त्यांनी चेंडू ढकलला. चार पावलांवरून डोळे मिटून घालणारा माणूस, त्यांचा चेंडू गलीच्या काठाला न शिवता पलीकडं गेला आणि नदीच्या बाजूच्या कडेला जाऊन थांबला. लोक हळहळले. बाबांनी परत फळी घेतली, त्या बाजूनं ओढली. उरलेली चार गेली. मग चेंडू मुकाट गलीत घातला. मोहतमीम साहेब पोचले तेव्हा तिथं काही नव्हतं.

दुसऱ्या गलीवर दादा थोडा तिरका गेला होता, म्हणून बाबांना एक टोला जास्त लागला. चेंडू इकडं, मग तिकडं, मग परत इकडं. लोकांत कुजबुज सुरू झाली. "उस्तादाला नजर लागली," कोणीतरी म्हणालं. "म्हातारा झाला," दुसरा म्हणाला आणि काही जण हसले. माझ्या बाबांना हसले! मला त्या माणसाच्या तोंडावर मुरूम फेकावासा वाटला, आणि त्याच वेळी मी मनात म्हणत होते, हसा, अजून हसा, पण खाली बघू नका. चिन्नय्या हसले नाहीत. फळी कुठून कुठं जाते ते ते बघत होते. मोहतमीम साहेबांनी चहाचा पेला शिपायाकडं दिला आणि पावलं उचलली.

तिसरी गल नदीच्या अगदी अंगावर. तिथून बोरीचं बन दोनशे पावलं असेल. दादाची पावलं तिथं वेगळी होती. निशाणापासून डावीकडं वळलेली, सरळ बनाच्या तोंडाला. चिन्नय्यांचा चेंडू अलीकडच्या बाजूला पडला होता, त्यांनी आपली वाट ओढली आणि येणारी पावलं आपोआप गेली. राहिली जाणारी. बाबांनी पलीकडची कड धरून टोला मारला. आणि काय म्हणावं त्या चेंडूला! कडेच्या दगडावर आपटून तो उलटा फिरला, घरंगळत आला आणि गलीपासून वीतभरावर थांबला. जन्मभराच्या खेळात असा एखादाच टोला पडतो. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वीतभर अंतर. फळीला ओढायला काही उरलंच नाही, आणि पलीकडं पाच पावलं उन्हात लखलखीत. मोहतमीम साहेब टाळ्या वाजवतच येत होते.

बाबा चेंडूवर वाकले. मी त्यांचे खांदे बघत होते. त्यांनी तो वीतभराचा चेंडू असा हाणला, की तो गलीवरून उडाला आणि थेट पलीकडच्या कडेवर गेला. आधी हशा झाला, मग तोही थांबला. माणूस फार चुकला की लोक हसत नाहीत. बाबांनी कोणाकडं बघितलं नाही. फळी घेतली आणि ओढू लागले, एक, दोन, तीन, चार. पाचवं पाऊल चेंडूच्याही मागं, अगदी काठावर होतं. उजवं. तिथं फळी लावायचा त्यांना हक्क नव्हता. साहेब निशाणाजवळ येऊन उभे राहिले तेव्हा बाबांनी चेंडू मारायला पवित्रा घेतला आणि आपला उजवा पाय त्या पावलावर ठेवला.

"इतने नज़दीक से, उस्ताद?" साहेबांनी मऊ आवाजात विचारलं.

"हात हलला, साहेब," बाबा म्हणाले. चेंडू मारला, तो सरळ गलीत गेला. मग आम्हा पोरांना ज्यासाठी त्यांनी जन्मभर उन्हात उभं केलं, ते त्यांनी केलं. वाळूवर टाच फिरवली.

पहिल्या तीन गलींवर त्यांचे चार टोले जादा गेले होते. उरलेल्या सामन्यात त्यांनी त्यातले दोन भरून काढले. तसा खेळ मी पुन्हा बघितला नाही, टीव्हीवर सुद्धा नाही. पण दोन राहिले. पेला चिन्नय्यांना मिळाला, नेमणूकही त्यांनाच. हार घातलेले चिन्नय्या बाबांजवळ आले, त्यांचे दोन्ही हात धरले आणि हळूच म्हणाले, "बापूभाई, तुम को इतना अच्छा खेलते कभी नहीं देखा." बाबांनी त्यांच्याकडं बघितलं आणि मान हलवली. मी शेजारीच उभी होते, आणि मला चिन्नय्यांची फळीवरची नजर आठवली. मोहतमीम साहेब खुर्चीवरून उठले, हातमोजे घातले, आणि जाता जाता शिपायाला म्हणाले, "कल से फजर में ब्राऊन को कोई हाथ न लगाए. पहले हमारा आदमी देखेगा." मग बाबांकडं वळून हसले. "उस्ताद को भी थोड़ा आराम चाहिए."

घरी आलो तेव्हा माय दारात उभी होती, ओवाळणीचं ताट न घेता. तिला बातमी आधीच पोचली होती. बाबांनी फेटा काढून खुंटीला लावला, पाय धुतले, आणि जेवायला बसले. येसराची आमटी होती. दोन घास खाऊन थांबले.

"पोरगं लंगडून राहिलं व्हतं काय?" त्यांनी विचारलं.

मायच्या हातातली पळी तशीच राहिली. "व्हय. काटा मोडला व्हता टाचेत, सुजली व्हती. पर तुमाला कोनी सांगितलं?"

"डावा पाय पुरा टेकत न्हवता," बाबा म्हणाले. "अन् वाळला बी लई. पाऊल हलकं पडलं व्हतं." मग ते ताटावर वाकून रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. माय रागावली नाही, सिकंदराबादचं नाव तिनं काढलं नाही. ती उठली आणि तिनं बोलारमच्या पेल्यातलं दही त्यांच्या ताटात वाढलं.

दादा त्या रात्री हद्द ओलांडून गेला. बांगड्या विकणाऱ्या एका बाईनं तेवढा निरोप आणला. घराकडं फिरकू नको हा आमचा निरोप तिनंच नेला. तो त्याला पोचला की नाही माहीत नाही, पण तो परत आला नाही. रोज पहाटे एक शिपाई कंदील घेऊन सहाही गोलांवरून फिरायचा आणि त्यानंतर बाबांना फळी ओढायला मिळायची. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, आणि निजामी संपली. हद्दीपलीकडून पोरं हार घालून, गुलाल उधळत परत येऊ लागली. माय रोज धपाटे करायची. मोहतमीम साहेब एका रात्रीत कुठं गेले कोणास ठाऊक. खालाच्या घरालाही कुलूप लागलं. त्यांच्यावर काय बेतलं ते लोक दबक्या आवाजात सांगायचे, आणि माझं अर्धवट शिवलेलं पोलकं तिच्याकडंच राहिलं. ज्यांना मी घाबरत होते ते गेले, आणि जिच्या भिंतीशी मला धीर यायचा ती पण गेली. गुलाल संपला, दिवाळी झाली, दादा आला नाही. कोणी म्हणालं, पैनगंगेच्या पुराच्या वेळी तो नावेत होता. कोणी म्हणालं, गोळी लागली. ज्यानं प्रत्यक्ष पाहिलं असा एकही माणूस भेटला नाही.

मैदानावर पुढं कापसाच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. बाबांनी काठ्या पोत्यात बांधून आढ्याला टांगल्या. पण आमच्या मागच्या दाराशी त्यांनी तेलवाळूचा एक लहान गोल केला, त्यात गल नव्हती, निशाण नव्हतं. रोज संध्याकाळी ते तिथं फळी ओढायचे आणि पहाटे कंदील घेऊन बघायला जायचे. माझं लग्न झालं, मी नांदेडला गेले, माहेरपणाला आले की पहाटे कंदिलाचा उजेड दारातून हलताना दिसायचा. मी उठून त्यांच्या शेजारी उभी राहायचे. मांजर. कोंबडी. घूस. ते वाचायचे आणि मी हुं म्हणायचे. शेवटची दोन वर्षं त्यांना फळी उचलत नव्हती, तेव्हा माय ओढायची.

आमच्याकडं दत्तूदादाचा फोटो नाही. त्या वेळी कोण काढत होतं फोटो! कपडे मायनं जपून ठेवले होते, ते उंदरांनी खाल्ले. त्याची म्हणून शेवटची खूण होती ती तीन गोलांवरची पावलं, डाव्याला पाच बोटं, उजव्याला तीन. ती माझ्या बाबांनी आपल्या हातांनी पुसली, आणि त्यातलं शेवटचं त्यांनी पायाखाली घेतलं.